नव्याच्या सणाचं शिंग

आमच्या सणाला कॅलेंडरात लाल चौकट नसते. गणपती येतात नि जातात, पितृपक्ष लागतो, आणि त्याच सुमाराला कधीतरी आमचं वर्ष बदलतं. चिंचवडच्या आमच्या सोसायटीत ते एकाच घराचं बदलतं. मी चाकणच्या ज्या कंपनीत खरेदी विभागात आहे, तिथे रजेचं कारण सांगितलं की दर वर्षी कोणीतरी विचारणारच, "मॅडम, नवीन वर्ष जानेवारीत होतं ना? की पाडव्याला?" पूर्वी मी समजावून सांगायची. आता "घरगुती काम" म्हणते आणि मोकळी होते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेले ज्यू. घरात मराठीच बोलतो, भांडतोही मराठीतच. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. वडील भोसरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही इथले झालो. इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. शनिवार मोकळा मिळावा म्हणून बाबांनी किती जणांच्या रात्रपाळ्या अंगावर घेतल्या असतील त्याला गणती नाही. हल्ली टीव्हीवर इस्रायलच्या युद्धाच्या बातम्या लागल्या की सोसायटीच्या ग्रुपवर निम्मे लोक माझं अभिनंदन करतात आणि उरलेले मला जाब विचारतात. मी रोज चाकणला जाते हो, तिकडे नाही. पण हे कोणाला सांगायचं?

वर्षाच्या या पहिल्या दोन दिवसांना आमच्याकडे नव्याचा सण म्हणतात. त्या दिवशी जग निर्माण झालं आणि त्याच दिवशी देव प्रत्येकाचा वर्षाचा हिशोब बघायला बसतो, असं आई सांगायची. म्हणजे आनंद करायचा, पण पोटात गोळा ठेवून. मधात बुडवलेलं सफरचंद खायचं, डाळिंब खायचं, बकऱ्याच्या डोक्याचं कालवण करायचं, का तर आपण पुढे असावं, मागे लोंबकळू नये. पण हे सगळं तोंडी लावायला. सणाचा जीव असतो शिंगात. मेंढ्याचं शिंग, शोफार. ते दिवसाउजेडी वाजवायचं आणि प्रत्येकाने आपल्या कानांनी ऐकायचं. ते ऐकलं नाही तर वर्ष सुरूच झालं नाही, असं आईचं सरळ गणित.

आमच्याकडचं शिंग बाबा वाजवायचे. त्यांना ते त्यांच्या वडिलांकडून आलेलं, काळपट, टोकाशी थोडं तडकलेलं. पुण्यातल्या सिनेगॉगमध्ये, ज्याला आम्ही घरात देऊळच म्हणतो, बाबा वर्षानुवर्षं ते वाजवत आले. सणाच्या दिवशी गाडीत बसू नये असा नियम आहे, तो आम्हाला माहीत होता. पण चिंचवडहून पुण्यात जायचं कसं? बाबा आम्हा दोघांना घेऊन पीएमटीत बसायचे, शिंग फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "देवाला चिंचवडचा पत्ता माहीत आहे. तो समजून घेईल." देवाने समजून घेतलंही असेल, कारण बाबांचं शिंग काय वाजायचं! बायकांच्या बाजूला बसून मी ऐकायची आणि अंगावर काटा यायचा.

आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि माझ्या धाकट्या भावाला. शिंग त्याला मिळालं. मी थोरली, पण मुलगी. आमच्याकडे सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बाबा गेले त्या आठवड्यात ते दहा जण गोळा करायला मी खडकीपासून ठाण्यापर्यंत फोन केले, त्यांना रिक्षा करून दिल्या, चहा दिला, पण त्या दहांत मी धरली जात नव्हते. भाऊ तेव्हा इस्रायलमध्ये होता. कॉलेज संपल्या संपल्या तो तिकडे कायमचा गेला होता. जाताना बाबांनी त्याच्या बॅगेत शिंग ठेवलं, कारण मुलाने ते पुढे न्यायचं असतं, आणि स्वतः देवळातलं शिंग वाजवायला लागले. बाबा आजारी पडले तेव्हा तो म्हणाला पुढच्या महिन्यात येतो, गेले तेव्हा म्हणाला आता येऊन काय उपयोग. आईला आणि मला त्याने तिकडे बोलावलं होतं, ते नाकबूल करत नाही. आईने विचारलं, "तिथे कोणाशी बोलू मी?" आणि विषय संपला.

दर वर्षी नव्याच्या सणाला त्याचा मेसेज येतो. नवं वर्ष आणि दारफळणी, म्हणजे त्यानंतरचा कडक उपासाचा दिवस, यांच्या मधल्या दिवसांत ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची असते. देवाचं पाप देव माफ करतो, माणसाचं त्या माणसानेच करावं लागतं. बाबा या दिवसांत शेजारीपाजारी जाऊन हात जोडायचे. समोरचे गडबडून जायचे, "अहो, झालं काय?" म्हणायचे. भावाची माफी फॉरवर्ड होऊन येते. डाळिंबाचं चित्र, खाली इंग्रजीत, माझ्याकडून काही चुकलं असल्यास क्षमा असावी. मी त्याला उत्तर देत नाही. आई यावरून माझ्यावर चिडायची. "तीनदा मनापासून मागितली आणि तरी दिली नाही, तर पाप न देणाऱ्याच्या अंगावर येतं, माहीत आहे ना?" मी म्हणायची, "मनापासून म्हणजे, आई. चाळीस जणांना एकदम नाही."

गेल्या वर्षी पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते तेवढंच. गाडीत अर्धा तास बसवणं म्हणजे तिचे हाल. त्यामुळे गेल्या सणाला तिने शिंग ऐकलं नाही, आणि त्यानंतरचं वर्षभर जे काही बिघडलं, गुडघा, फ्रिज, माझं प्रमोशन, त्या सगळ्याला तिने तेच कारण दिलं. आजारी माणसाला घरी येऊन शिंग ऐकवता येतं, तशी रीत आहे. पण वाजवणारे उरलेत किती? जे आहेत ते सगळे सत्तरीपुढचे.

मग यंदा श्रावणात भावाचा फोन आला की तो नव्याच्या सणाला पुण्यात येतोय. तिकडचे आपले काही लोक आईवडिलांची गावं, जुनी सिनेगॉग बघायला यायचे होते आणि त्यांच्या गटात तो होता. "बाबांचं शिंग आणतो आई. तुला ऐकवतो."

आईने त्या दिवसापासून दुसरं काही बोलणं सोडलं. चिकाचा हलवा घरीच व्हायला हवा, असं तिने ठरवलं. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून त्याचा चीक काढायचा, तो नारळाच्या दुधात आणि साखरेत आटवत राहायचा. दूध नारळाचंच, कारण जेवणात मटण असतं आणि आमच्यात मटणाबरोबर दुधाचं काही चालत नाही. हा हलवा एकट्यादुकट्याचं काम नाही. हात थांबला की तळाला लागलाच. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कासारवाडीला गॅरेज असलेल्या मेकॅनिकचं कुटुंब राहतं. त्याची बायको दर वर्षी पदर खोचून येते. नारळ खवायला ती, ढवळायला मी, आणि पलंगावरून हुकूम सोडायला आई.

"अम्मा, यंदा एवढा का करताय? पूर्ण बिल्डिंगला वाटणार काय?" ती म्हणाली.

"मुलगा येतोय माझा," आई म्हणाली. "दोन्ही दिवस खाईल."

शेजारणीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत आहे. बाबांच्या शेवटच्या महिन्यात ऑक्सिजनचा सिलिंडर तिच्या नवऱ्याने जिन्यावरून वर आणला होता. माझ्या हातातला कालथा घेऊन ती ढवळायला लागली. हलवा गुलाबी झाला, कडा सोडायला लागला, आम्ही तो ताटात थापला.

सणाच्या आदल्या दुपारी भावाचा फोन आला. पुण्यात पोचलाय, देवळाजवळच्या हॉटेलात उतरलाय. मी विचारलं, घरी कधी येतोस? तर म्हणाला, परवा, सूर्य मावळल्यावर.

मला आधी कळलंच नाही. "परवा मावळल्यावर? तोवर सण संपतो."

"ताई, मी आता सणाला गाडीत बसत नाही. आम्ही तिकडे सगळं नीट पाळतो."

"मग आत्ता ये. सण दिवस मावळल्यावर लागतो, अजून वेळ आहे. दोन्ही दिवस घरी राहा."

"तिथे दहा माणसं कुठली? मला प्रार्थनेला दहा जण लागतात ना."

दहा जण! मला हसू आलं, वाईट हसू. म्हटलं, "मग चालत ये. तिकडे रोज पहाटे पळतोस, फोटो टाकतोस."

"सणाला शहराच्या हद्दीबाहेर इतकं चालायचं नसतं."

"हद्द? दापोडीपासून चिंचवडपर्यंत मला एक मोकळं शेत दाखव. एका बिल्डिंगच्या गॅलरीतून दुसऱ्या बिल्डिंगच्या गॅलरीत पाय टाकत येशील."

तो म्हणाला, "तू समजून घे. मी गटाबरोबर आहे, शिंग मीच वाजवायचंय असं ठरलंय." आणि आता सणाची तयारी करायची म्हणून त्याने फोन बंद केला. सणात फोनलाही हात लावायचा नसतो, म्हणजे आता दोन दिवस तो उघडणार नव्हता.

आईला मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक भांडी आवरता आवरता, तिच्याकडे पाठ करून. ती म्हणाली, "उद्या येईल बघ. त्याला राहवणार नाही." सकाळी तिने मला पांढरी साडी नेसवायला लावली, खिडकीशी खुर्ची ठेवायला लावली आणि वॉकर धरून तिथे जाऊन बसली. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बस जात होत्या. रिक्षा थांबली की ती मान पुढे काढायची. जेवायची वेळ टळली. बकऱ्याच्या डोक्याचं कालवण केलेलं तिने नुसतं चाखलं. माझ्या भावाला देव भेटला म्हणतात. त्या खुर्चीसमोर उभं राहून मला त्या देवाचा संताप येत होता. हे मी मनात ठेवलेलं नाही, देवालाही तोंडावर सांगितलं आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी वाहत्या पाण्याशी जायचं असतं. पदराची टोकं, खिसे पाण्यावर झटकायचे आणि वर्षाची पापं सोडून द्यायची. शेजारीण आईजवळ बसली आणि मी पवनेच्या घाटावर गेले. घाटाच्या कडेला विसर्जनाचं निर्माल्य पडलेलं, पाण्यावर जलपर्णी आणि तिच्या मधून पांढरा फेस. मी ओढणीची टोकं झटकत होते तेवढ्यात महापालिकेचा सुरक्षारक्षक शिट्टी मारत आला.

"ओ ताई, काय टाकताय नदीत? दंड हाय!"

"काही नाही हो. पाप."

त्याने ओढणीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "मंग टाका," म्हणाला, "ते दिसत न्हाई."

त्या दिवसात तेवढंच हसले. परत येताना ठरवलं की तो येत नाही तर शिंग तरी आणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोने गेले, पुढे रिक्षाने. आई पुन्हा खिडकीशी. देऊळ भरलेलं होतं, कधी नव्हे इतकं. तिकडून आलेले गटातले लोक, त्यांच्या बायका डोक्याला रुमाल बांधलेल्या, सगळे खुर्च्यांना, दिव्यांना हात लावून बघत होते. मी बायकांच्या बाजूला बसले. भाऊ पुढे आला. दाढी पिकलेली, खांद्यावर पांढरी शाल आणि हातात तेच तडकलेलं शिंग. आणि वाजवलं त्याने. खोटं कशाला बोलू, अगदी बाबांसारखं वाजवलं. तो लांब सूर, मग तुटक तुटक हुंदक्यासारखे सूर. बाजूची एक बाई रडायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. हा आवाज जिच्यासाठी आणला म्हणत होता ती सोडून जगभरचे लोक तो ऐकत होते.

प्रार्थना संपल्यावर मी अंगणात त्याला गाठलं. तो मला मिठी मारायला आला, मी हात पुढे केला. "शिंग दे."

तिथे आमच्या पुण्याच्या मंडळींतले एक काका उभे होते. बाबांचे जोडीदार, बाबांनंतर दोन-तीन वर्षं देवळातलं शिंग त्यांनीच वाजवलेलं. ते स्वतः सणाला रिक्षाने येतात, आयुष्यभर आलेत. त्यांना मी आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, "दे रे बाळा. मी हिच्याबरोबर जातो. चार सूर तरी निघतील माझ्याच्याने. तुझ्या आईला ऐकवून येतो."

भावाने शिंग छातीशी धरलं. "काका, सणाच्या दिवशी शिंग गाडीतून न्यायचं? मी कसं देऊ? मी दिलं तर ते माझ्याच हातून झाल्यासारखं आहे."

"बाबा मांडीवर घेऊन पीएमटीने आणायचे," मी म्हणाले.

"बाबांना माहीत नव्हतं, ताई."

"बाबांना माहीत होतं."

गटातले लोक बघायला लागले होते. त्यांच्यात मराठी कळणारे थोडे, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "माझं चुकलं असेल तर माफ कर मला. पण हे मला करता येणार नाही." डोळे खरंच भरले होते त्याचे. मी फाटकाबाहेर पडले. काका मागून येत म्हणाले, "पोरी, देवळातलं शिंग यंदाच फुटलं गं, नाहीतर तेच आणलं असतं." मी त्यांना हात जोडले आणि रिक्षात बसले.

घरी आले तर आई खुर्चीतच होती. माझे हात रिकामे बघितले आणि म्हणाली, "वाजवलं का त्याने?" मी हो म्हटलं. "कसं वाजवलं?" मी म्हटलं, बाबांसारखं. ती म्हणाली, "ऊन उतरलं की मला पलंगावर घाल."

तो आला, आकाशात चांदण्या दिसल्यावर, कॅबने. खेळण्यांच्या दुकानातल्यासारख्या चकचकीत डब्यातून मध आणला होता. आईच्या पायाशी बसला, लहान मुलासारखा रडला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्याच शब्दाला माफ केलं, त्याला बोलूही दिलं नाही. हलव्याच्या वड्या त्याच्या तोंडात घातल्या. मग त्याने फडक्यातून शिंग काढलं. "आई, आता वाजवतो तुझ्यासाठी."

आई म्हणाली, "नको."

"का? ऐक की."

"रात्री नसतं वाजवायचं. सण गेला रे. नुसता आवाज ऐकून मी काय करू?"

नियम त्यालाही माहीत होता. सणाच्या दिवशी बसमधून देवळात जाणाऱ्या, दिवे, गॅस सगळं चालवणाऱ्या माझ्या आईने तो त्याला सांगितला, रागाने नाही, जेवायला वाढताना मीठ संपलंय सांगावं तसा. तिने शिंग मात्र मागून घेतलं आणि तो बसला होता तेवढा वेळ मांडीवर ठेवलं. निघताना ती म्हणाली, "हे इथेच राहू दे का? पुढच्या वर्षी कोणालातरी बोलावू." तो म्हणाला, दारफळणीचा उपास सोडताना तिकडे ते वाजवायचं असतं, लोक त्याची वाट बघतात. आईने शिंग फडक्यात गुंडाळलं, गाठ नीट मारली आणि त्याच्या हातात दिलं. दारात त्याने दुसऱ्यांदा माझी माफी मागितली. मी म्हटलं, कॅबवाला थांबलाय.

दारफळणीच्या दोन दिवस आधी त्याचा मुंबई विमानतळावरून फोन आला. मागे घोषणा चालू होत्या. आईशी बोलून झाल्यावर त्याने मला मागितलं.

"ताई, मला माफ कर. मनापासून म्हणतोय." आणि मग जरा थांबून, "हे तिसऱ्यांदा."

म्हणजे तो मोजत होता. आईने शिकवलेलं त्यालाही पाठ होतं, आणि यापुढचं ओझं कोणाचं हेही. पलंगावरून आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला हो ऐकायचं होतं, एवढं एक तरी तिला ऐकवायला हवं होतं, हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "सांभाळून जा," आणि फोन ठेवला.

आई भिंतीकडे तोंड करून झोपली. म्हणाली, "आता ते तुझ्या अंगावर आलं."

असू दे. तिची औषधं माझ्या अंगावर आहेत, तिला उठवणं-बसवणं, बाबांच्या कबरीवरचं गवत काढणं, पुढच्या वर्षीचा हलवा, सगळं माझ्याच अंगावर आहे. हेही राहील.